उलट्या बाजूची साइडकार

मी एक जुनी साइडकार आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. मोटरसायकलच्या एका अंगाला जोडलेली, एका चाकाची, पत्र्याची छोटी गाडी म्हणजे मी. मला इंजिन नाही, हँडल नाही, ब्रेक नाही. मोटरसायकल नेईल तिकडे जायचं आणि मांडीवर बसेल त्याला सांभाळायचं, एवढंच माझं काम. लोक मला 'डबा' म्हणतात. म्हणोत बापडे. मी मात्र मनात त्याची नोंद ठेवते, कारण माझा स्वभाव विसरण्यातला नाही. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं. पुढे मी कोणाबद्दल वाईट बोलले, तर तुम्हाला आश्चर्य वाटायला नको.

माझा जन्म एका गॅरेजमध्ये झाला. गॅरेजचा मालक गाड्या दुरुस्त करायचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्याचा लहानपणापासूनचा जिवलग मित्र शहराच्या बसवर ड्रायव्हर होता. ताडमाड उंच, म्हणून त्याचं नाव लांब्या. लांब्याला एक मुलगी झाली, टिल्ली. पोरगी एवढीशी, आणि तिला मोटरसायकलवर पुढे टाकीवर बसवायचं म्हटलं की तिची आई कासावीस व्हायची. तेव्हा उस्ताद म्हणाला, "वहिनी, काळजी सोडा. पोरीसाठी सिंहासन करतो."

आणि त्याने खरंच केलं. नळ्या वाकवून सांगाडा जोडला, स्कूटरचं चाक लावलं, पत्रा ठोकून ठोकून मला गोलाई दिली. लांब्याने डेपोतून बसची एक मोडकी सीट आणली, ती कापून माझ्यात बसवली. पावसाला म्हणून वर ताडपत्रीचं आवरण, बटणं लावली की पोरीचं फक्त डोकं बाहेर. रंग दिला तो बसच्याच उरलेल्या रंगाचा, लालभडक. तो द्यायला दोघांना दिवस पुरला नाही. एक रंगवायचा, दुसरा नावं ठेवायचा, आणि मग दोघं माझ्याकडे बघून उगाच हसत बसायचे.

काय दिवस होते ते! सकाळी कधी उस्तादने, कधी लांब्याने टिल्लीला शाळेत सोडायचं, येताना बाजार. गल्लीतली पोरं माझ्यामागे धावायची. शाळेच्या फाटकात उतरताना टिल्ली एखाद्या राणीसारखी हात हलवायची. कोणी विचारलं, "हे काय गं?" तर म्हणायची, "ही माझी गाडी. मोटरसायकल उस्तादकाकांची आहे, ती नुसती ढकलते." मित्रांनो, माझं एवढं कौतुक पुन्हा कोणी केलं नाही.

उस्तादला एक खोड होती. डावीकडचं वळण आलं की तो मुद्दाम वेग वाढवायचा आणि माझं चाक जमिनीवरून उचलायचा. म्हणजे गाडी दोन चाकांवर आणि मी हवेत. रस्त्यावरचे लोक टाळ्या पिटायचे, आणि टाळी ऐकली की उस्तादला आपण कोण आणि काय असं व्हायचं. दुसरी गोष्ट म्हणजे त्याने लायसन्स काढलंच नव्हतं. "गाड्या मी जोडतो, मला कोण अडवतंय?" असं म्हणायचा.

त्या दिवशी लांब्या त्याच्या मागे बसला होता, टिल्ली माझ्यात. पुलाच्या अलीकडे डावं वळण आहे. चौकात माणसं उभी होती. उस्तादने मला उचललं. लांब्या ओरडला, "अरे, पोर आहे आत!" उस्ताद हसला. मग चाक धाडकन खाली आलं, गाडी डावीकडे खेचली गेली आणि मी पुलाच्या दगडी कठड्यावर आपटले. माझा पत्रा आत घुसला. पत्र्याच्या आत टिल्लीचा डावा हात होता.

मी ते रडणं अजून ऐकते.

लोक जमले, कोणी पोरीला इस्पितळात नेलं, आणि पोलीस यायच्या आधी माझ्याशेजारी उभं राहून दोघा मित्रांचं जे बोलणं झालं, ते फक्त मी ऐकलं. उस्तादची पाचावर धारण बसली होती. "माझं लायसन्स नाही रे. मला आत टाकतील. गॅरेज बंद पडेल. तू सांग ना, तू चालवत होतास. तुझ्याकडे बसचं लायसन्स आहे, तुला ताकीद देऊन सोडतील. घरी मी स्वतः खरं सांगतो. दोन दिवस थांब फक्त."

लांब्या म्हणाला, "बरं."

एका शब्दाने माणसाचं वाटोळं होतं, मित्रांनो. लांब्याला ताकीद मिळाली नाही. लायसन्स रद्द झालं, बस गेली. ज्या डेपोतून तो ऐटीत बाहेर पडायचा, तिथेच पाण्याचा पाइप धरून बस धुवायला लागला. बायकोने विचारलं, "आपल्या पोरीचा हात मोडून तुम्ही उभे कसे राहू शकता?" उस्तादची वाट बघत त्याने खरं पोटातच ठेवलं. दोन दिवस झाले, दोन महिने झाले. उस्तादने तोंडात मिठाची गुळणी धरली. शेवटी बायको पोरीला घेऊन सीमेपलीकडे भावाच्या गावी निघून गेली, ती गेलीच. उस्तादचं गॅरेज मात्र वाढलं. एकाच्या दोन शेड झाल्या.

आणि मी? मला मोटरसायकलपासून सोडवून गॅरेजच्या मागे भिंतीला टेकवलं. माझ्यात आधी जळक्या तेलाचे डबे आले, मग फाटके टायर, मग एका कुत्रीने पिल्लं घातली. पिल्लांचं मला काही नाही, बिचारी उबेला आली होती. पण उस्ताद रोज सकाळी येऊन माझ्याच आडोशाला दात घासायचा आणि चूळ माझ्या अंगावर टाकायचा. इतकी वर्षं! मी पावसात गंजत होते आणि एकच गोष्ट घोकत होते. कधीतरी, कुठेतरी, या माणसाला मी रस्त्यावर आणीन.

लांब्या अधूनमधून यायचा. मैत्री तुटली नव्हती, हे त्यातलं सगळ्यात वाईट. दोघं बाकावर बसून चहा प्यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे. त्या दिवसाचं नाव कोणी काढायचं नाही. लांब्या जाताना माझ्या चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवायचा आणि त्याची मूठ आवळली जायची. रागाने. मला राग ओळखता येतो, माझ्यात भरपूर आहे.

मग एक दिवस लांब्या आला तो बसलाच नाही. म्हणाला, "टिल्लीची आई गेली. आता दोन वर्षं झाली म्हणे, मला आत्ता कळलं. मी टिल्लीला फोन केला."

उस्तादने हातातला पाना खाली ठेवला. "काय म्हणाली?"

"म्हणाली, यायचं तर या रविवारी. पण उजेड आहे तोवर या. तिची बेकरी आहे. संध्याकाळी भट्टी पेटवते, मग कोणालाही दार उघडत नाही. एवढं बोलून फोन ठेवला." लांब्या जरा थांबला. "तू मला घेऊन जाणार आहेस. आणि तिच्यासमोर उभं राहून सांगणार आहेस, त्या दिवशी कोण चालवत होतं."

"अरे, इतक्या वर्षांनी आता..."

"मी सत्तरीला आलो, उस्ताद. माझ्या पोरीने मला एकदा तरी बाप म्हणून बघावं. मला दुसरं काही नको."

उस्ताद म्हणाला, "बघू." पण नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. लांब्याचा गुडघा धरलेला, मागच्या सीटवर पाय फाकून बसणं त्याला जमेना. लायसन्स तर कधीच गेलेलं; उस्तादने मात्र स्वतःचं नंतर गुपचूप काढून घेतलं होतं. तेव्हा राहता राहिले मी.

मला धुतलं, गंज घासला, पत्रा जमेल तितका बाहेर काढला. चेपलेली जागा पुरती सरळ झाली नाहीच. मग मला पुन्हा त्या मोटरसायकलच्या डाव्या अंगाला जोडलं. इथे उस्तादने एक चूक केली, आणि ती अशी चूक आहे की आमच्यासारख्या गाड्या जोडणाराच करू शकतो. रस्ता कडेला थोडा उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणजे गाडी सारखी डावीकडे ओढली जाते. म्हणून मला जोडताना मोटरसायकल किंचित उजवीकडे झुकवून बोल्ट कसतात, म्हणजे ती नीट सरळ धावते. उस्तादचा हात त्या झुकावात इतका बसलेला की त्याने डोळे मिटून बोल्ट कसले. सीमेपलीकडे गाड्या उजवीकडून चालतात, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्या होतं. पण मला कोण विचारतंय? मी गप्प बसले, आणि मजेत बसले.

सीमेवरच्या चौकीपर्यंत प्रवास सुखाचा झाला. लांब्या माझ्यात घडी घातलेल्या खुर्चीसारखा बसला होता, गुडघे हनुवटीला. अधिकाऱ्याने माझ्या पत्र्यावर टिचकी मारली, आत डोकावून पाहिलं आणि उस्तादला विचारलं, "हे कोण तुमचे?"

"मित्र आहे."

मग लांब्याला विचारलं, "आणि हे तुमचे कोण?"

लांब्या म्हणाला, "हे मला घेऊन चाललेत."

अधिकारी हसला. उस्ताद नाही हसला. फाटक उघडताना अधिकारी म्हणाला, "तुमचा डबा उलट्या बाजूला आहे. इथून पुढे उजवीकडून चालवायचं. पुढे मोठी गाडी असली की तुम्हाला पलीकडचं काही दिसणार नाही, डब्यातल्या माणसालाच दिसेल. तो जा म्हणाला तरच जायचं. नाहीतर आमच्याकडे लोक एकदाच चुकतात."

मित्रांनो, मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

चार हात पुढे गेलो नाही तोच गाडी उजवीकडे पळू लागली. रस्त्याचा उतार उजवीकडे, उस्तादने दिलेला झुकावही उजवीकडे. कडेला खंदक. उस्ताद हँडल डावीकडे ओढून धरतोय, गाडी उजवीकडे जातेय. घटकाभरात त्याचे खांदे भरून आले, मनगटं कळा मारू लागली. मोठा आला गाड्या जोडणारा! मध्येच उतरून बोल्ट सैल करून बघितले, पण ज्या पान्याने ते नीट बसतात तो गॅरेजमध्ये राहिला होता. शिव्या घालत पुन्हा बसला.

पुढे ट्रॅक्टर आला. उस्तादला त्याचा मागचा भाग सोडून काही दिसेना. "जाऊ का रे?"

लांब्या मान बाहेर काढून बघत होता. "थांब. मोटार येतेय. थांब... आता जा!"

गेलो. मग एक बस, मग एक उसळत चाललेला टेम्पो. दरवेळी लांब्याचं 'थांब' आणि 'जा'. त्याचा आवाज बदलत गेला. पाठ ताठ झाली. रस्ता वाचायचं त्याचं जुनं काम त्याला परत मिळालं होतं. उस्ताद खूश होऊन ओरडला, "बसचे डोळे आहेत लेका तुझे अजून!"

हे बोलायला नको होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लांब्याचा चेहरा विझला. बस म्हटल्यावर त्याला काय आठवलं असेल ते तुम्ही ओळखा.

त्यानंतर विटांचा ट्रक लागला. चढाचा रस्ता, ट्रक गोगलगाईच्या चालीने चाललेला. त्याच्या फळ्यांतून विटांची लाल भुकटी उडत होती आणि नेमकी उस्तादच्या तोंडावर येत होती.

"जाऊ का?"

लांब्या काही बोलला नाही. समोरचा रस्ता मला दिसत होता. लांबपर्यंत रिकामा, चिटपाखरू नव्हतं.

"अरे, जाऊ का? झोपलास काय?"

"त्या दिवशी हँडलवर कोण होतं?" लांब्या म्हणाला.

"आता? इथे?"

"मला रस्ता दिसतोय. तुला दिसत नाहीये. सावकाश आठव."

वा! मित्रांनो, इतक्या वर्षांचा माझा गंज त्या एका वाक्याने उतरला. गाडी ट्रकच्या मागे, उस्ताद धुळीच्या मागे, आणि लांब्या हाताची घडी घालून आरामात. मधून मधून रस्ता मोकळा व्हायचा, उस्ताद केविलवाणा विचारायचा, "आता?" लांब्या म्हणायचा, "कोण होतं?" आणि पुन्हा सगळं शांत. उस्तादच्या भुवया लाल, मिशा लाल, कानसुद्धा लाल. ऊन कलायला लागलं होतं.

"लांब्या, उशीर होतोय! तुझीच पोर दार उघडणार नाही, माझी नव्हे!"

"न उघडू दे."

आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं म्हणतात ते हे. मला कळत होतं. त्यालाही कळत होतं. पण इतकी वर्षं पोटात दाबलेला राग बाहेर आला की तो शहाणपणाला विचारून येत नाही. लांब्या म्हणाला, "माझी बस गेली. बायको गेली. मेली तेव्हा माझ्या नावाने बोटं मोडत मेली असेल. आणि तू रोज माझ्यासोबत चहा पितोस. तुला तो गोड कसा लागतो रे?"

उस्तादचा तोल सुटला. "मरू दे तुझं ते!" म्हणून त्याने न बघताच हँडल डावीकडे फिरवलं आणि आम्ही ट्रकच्या मागून बाहेर आलो.

समोरून टँकर येत होता.

उस्तादला तो दिसत नव्हता. ट्रकच्या आडून आधी मी बाहेर आले होते, माझ्यात लांब्या. धडक बसली असती तर आधी आमचा चुराडा होता. लांब्याने टँकर पाहिला. तोंड उघडलं. आणि तो थांबला. एक श्वासभर थांबला, बस्स. पण त्या श्वासात मी त्याच्या मनात काय आलं ते ऐकलं, कारण माझ्याही मनात तेच होतं. गप्प बस. जाऊ दे सगळं. सगळेच जाऊ दे.

मग तो बस चालवतानाच्या आवाजात गरजला, "आत! आत घे!"

उस्तादने आत घेतलं. टँकर भोंगा वाजवत माझ्या चाकाजवळून गेला. गाडी कडेला लागली, इंजिन बंद पडलं. विटांचा ट्रक आपला पुढे निघून गेला.

उस्तादचे हात हँडलवरून सुटत नव्हते. तसाच म्हणाला, "तू थांबलास."

"हो."

"ओरडायच्या आधी थांबलास."

"हो म्हटलं ना."

उस्ताद रडू लागला. विटांच्या भुकटीतून पाण्याच्या दोन रेघा खाली आल्या. "मी होतो. मी चालवत होतो. मीच पोरीचा हात मोडला. झालं समाधान?"

"मला काय सांगतोस? मला ठाऊकच आहे," लांब्या म्हणाला. "तिला सांग. चल, उजेड जातोय."

त्यानंतर त्याने एकदाही अडवलं नाही. "थांब," "जा," "थांब," "जा," करत आम्ही तो चढ, ती वळणं मागे टाकली आणि उजेड शिल्लक असताना त्या गावात शिरलो.

बेकरी एका अरुंद रस्त्यावर होती. शटर अर्धं खाली. एक माणूस रिकामे ट्रे एकावर एक रचत होता, तो तिचा नवरा. आणि आत कणकेच्या परातीपाशी ती. माझी टिल्ली! भक्कम बाई झाली होती, कोपरांपर्यंत पीठ. डावा हात कोपरातून पुरता सरळ होत नव्हता, परात ती उजव्या हाताने ओढत होती. तिने शटरखालून वाकून आम्हाला पाहिलं. बापाकडे पाहिलं, उस्तादकडे पाहिलं, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बाहेर आली. कोणाला 'या' म्हणाली नाही.

लांब्याने उस्तादच्या पाठीला ढोसलं. उस्ताद सुरुवात करू लागला, "बाळा, रस्ता जरा निसरडा होता तेव्हा..." लांब्या खाकरला. उस्तादने मान खाली घातली. "नाही. निसरडा नव्हता. टिल्ले, त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. मस्ती करत होतो. तुझा बाप मागे बसला होता, तो ओरडत होता. माझं लायसन्स नव्हतं म्हणून त्याने आळ अंगावर घेतला. त्याचा काही दोष नाही."

उगवला सूड! मला वाटलं, आता ही पोर बापाच्या गळ्यात पडेल, आणि उस्ताद जन्मभर मान वर करणार नाही. लांब्या तर पुढे झालाच होता. त्याचे हात अर्धे पसरले होते.

टिल्ली म्हणाली, "मला माहीत आहे."

"तुला... कसं?" लांब्याचे हात तसेच राहिले. "तू एवढीशी होतीस. तुला काय कळत होतं?"

"बाबा, त्या डब्यात बसा."

"अं?"

"बसा. आणि काका, तुम्ही गाडीवर बसा. चालवताना बसता तसे."

दोघं बसले. बाईचा आवाजच तसा होता. लांब्याने गुडघे दुमडले. ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "आता खाली वाका. अजून. तेव्हाच्या माझ्याएवढे व्हा." तो ताडमाड म्हातारा वाकला, वाकता वाकता त्याचं डोकं माझ्या काठाशी आलं. "आता उजवीकडे बघा. काय दिसतंय?"

"याचा बूट," लांब्या म्हणाला.

"दुसरं काही दिसतंय?"

"नाही."

"मलाही दुसरं काही दिसत नव्हतं. ताडपत्रीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली असायची. शाळेत जाता-येता चालवणाऱ्याचा पायच बघत जायची मी. तुम्ही चपला घालायचात. काकांच्या बुटाला नाडीच्या जागी तांब्याची तार असायची. त्या दिवशी तार होती."

मलाही सुचलं नव्हतं हो हे. इतकी वर्षं तिला मांडीवर घेऊन फिरले आणि ती कुठे बघते हे मी कधी पाहिलं नाही.

"इस्पितळात मी इन्स्पेक्टरला सांगितलं, काका चालवत होते. तुम्ही काय म्हणालात, बाबा?"

लांब्या वाकलेलाच होता.

"तुम्ही म्हणालात, पोरगी घाबरलीय, काहीबाही बोलतेय. मग आईला सांगितलं, तर तुम्ही आईलाही तेच म्हणालात. मी तुमची बाजू घेत होते! रडून रडून सांगत होते, माझ्या बाबांनी नाही केलं. आणि तुम्ही मला खोटी पाडलंत. आई मरेपर्यंत मला म्हणायची, तुला खोटं बोलायची सवयच आहे, लहानपणापासून. माझ्या नवऱ्याने हाताचं विचारलं तेव्हा मी त्याला खरं सांगितलं आणि मग मलाच शंका आली, की खरंच तसं झालं होतं का." तिने उस्तादकडे मान वळवली. "काकांनी स्वतःला वाचवलं. भित्रे होते, समजू शकते मी. तुम्ही कोणाला वाचवलंत? मित्राला. आणि मला विकलंत."

उस्ताद गाडीवर दगडासारखा बसून होता. मी ज्याच्यावर इतकी वर्षं दात खाल्ले, त्याच्याकडे बघायलाही कोणाला फुरसत नव्हती.

सबंध वाट जो माणूस दुसऱ्याला 'कोण होतं, कोण होतं' विचारत आला, त्याला स्वतःचं एक वाक्य निघेना. ती उभी राहिली. आकाशातला उजेड जात होता, पण ती आत गेली नाही. शेवटी तो म्हणाला, "तू खरं बोलत होतीस."

"मला नका सांगू. मला ठाऊक आहे. त्याला सांगा." तिने नवऱ्याकडे बोट केलं. तो बिचारा हातात ट्रे घेऊन उभा.

लांब्या माझ्यातून उठायला गेला. गुडघ्याने साथ दिली नाही. तसाच बसून, तोंड वर करून म्हणाला, "जावईबापू, माझी मुलगी खरं बोलत होती. तेव्हाही. खोटं मी बोललो."

टिल्लीने डोळे पुसले, त्याने गालाला पीठ लागलं. "भट्टीची वेळ झाली," ती म्हणाली. "आज दार उघडणार नाही. उद्या या." शटर खाली आलं. त्यामागे भट्टीची झडप उघडल्याचा आवाज आला.

उस्ताद म्हणाला, "लांब्या, ऊठ." लांब्या उठला नाही. माझ्या चेपलेल्या पत्र्याला कपाळ टेकून बसून राहिला, आणि मी त्याला सांभाळलं, कारण माझं कामच ते.

तर मित्रांनो, अशी माझी कहाणी. तुमच्या घरामागे एखादी जुनी वस्तू पडली असेल तर तिच्यावर चूळ टाकू नका. फडकं मारा, थेंबभर तेल घाला, तीही कधीकाळी कोणाचं तरी सिंहासन होती. उस्तादला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही, तेवढं माझं मला राहू द्या. आणि तुम्ही आज लहान आहात, खालून बघता, म्हणून मोठी माणसं तुम्हाला सांगतील की तुम्ही काही पाहिलंच नाही. प्रेमाने सांगतील, डोक्यावरून हात फिरवून सांगतील. ऐकू नका. तुम्ही बूट पाहिला असेल, तर बूटच होता.